पाहुण्यापासून घरच्यापर्यंत: विनिमय विद्यार्थ्याचे परदेशातले पहिले महिने

विद्यार्थी-विनिमय म्हणजे साधारण १५ ते १८ वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने परक्या देशातल्या एका कुटुंबात राहायचे, तिथल्या शाळेत जायचे आणि काही आठवड्यांपासून एका शैक्षणिक वर्षापर्यंतचा काळ त्या घरातला एक होऊन काढायचा. पदवीसाठी परदेशी जाणारा विद्यार्थी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतो आणि आपला विषय शिकतो. विनिमय विद्यार्थी घरात राहतो. त्याचा खरा अभ्यासक्रम त्या घराच्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि जेवणाच्या टेबलाशी सुरू होतो. शाळा त्यानंतर येते. अमेरिकेच्या नियमांनुसार आणि रोटरीच्या योजनेत यजमान कुटुंबाला त्याबद्दल मोबदला मिळत नाही. मूल त्या घरात ठेवून घेतलेले असते, भाड्याने राहिलेले नसते. म्हणून या साऱ्या अनुभवाचा गाभा एकाच प्रश्नात सापडतो: पाहुणा म्हणून दारात उभे राहिलेले मूल घरचे कधी होते आणि कशामुळे होते? पहिल्या तीन महिन्यांत याचे उत्तर बहुतेक ठरून जाते.

या लेखात पनवेल आणि आसपासच्या मराठी घरांच्या संदर्भात या पहिल्या महिन्यांचा आढावा घेतला आहे. इथून जाणारी मुले आणि इथे येणारी मुले अशा दोन्ही बाजूंचा त्यात विचार आहे, कारण विनिमय या शब्दातच देणे आणि घेणे दोन्ही येते.

कल्पना कशी रुजली

परक्या घरात राहून परका देश समजून घ्यावा, ही कल्पना दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आकाराला आली. १९३२ साली डोनाल्ड वॉट या अमेरिकी गृहस्थांनी ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला. तरुणांनी परदेश पर्यटक म्हणून बघण्यापेक्षा तिथल्या कुटुंबात राहून अनुभवावा, असा त्यामागचा विचार होता. त्याच सुमारास युरोपातल्या रोटरी क्लबांनीही एकमेकांच्या देशांत मुले पाठवायला सुरुवात केली होती.

‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ म्हणजे एएफएस ही संस्था १९१५ साली फ्रान्समधल्या रणभूमीवर जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांनी उभी केली. दोन महायुद्धांतली प्रेते आणि जखमी पाहिलेल्या याच लोकांनी १९४७ साली शाळकरी मुलांचा विनिमय सुरू केला. पहिल्या तुकडीत ५२ मुले अमेरिकेत आली. १९५१ साली ‘यूथ फॉर अंडरस्टँडिंग’ सुरू झाले आणि युद्धात हरलेल्या जर्मनीतली मुले मिशिगनमधल्या घरांत राहायला गेली. कालचा शत्रू जेवणाच्या टेबलाशी बसला की तो शत्रू राहत नाही, अशी या माणसांची श्रद्धा होती. अमेरिकेत १९६१ सालच्या फुलब्राइट-हेज कायद्याने अशा देवाणघेवाणीला सरकारी चौकट दिली. जे-१ हा विनिमय व्हिसा आजही त्याच चौकटीत दिला जातो. २००२ साली सुरू झालेल्या ‘केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी’ म्हणजे ‘यस’ या शिष्यवृत्तीत भारताचाही समावेश आहे. त्यात निवड झालेल्या मुलाचा एका शैक्षणिक वर्षाचा खर्च अमेरिकी सरकार उचलते.

रोटरीच्या रचनेत पुणे आणि रायगड हे जिल्हे ३१३१ क्रमांकाच्या प्रांतात येतात, त्यामुळे पनवेलच्या मुलांना रोटरीच्या विनिमयाची वाट घराजवळच उपलब्ध आहे. या योजनेत प्रवास, विमा आणि व्हिसा यांचा खर्च पालक करतात, राहणे-जेवणे यजमान कुटुंबे देतात. वर्षभराच्या विनिमयात मूल सहसा एकापेक्षा अधिक घरांत राहते.

दोन जुने मराठी दाखले

संस्थात्मक विनिमय सुरू होण्याच्या कितीतरी आधी एक मराठी मुलगी अमेरिकेतल्या घरात राहून आली होती. कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्यांचे वय १८ होते. त्यांना उतरवून घ्यायला न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या असताना एका मिशनरी नियतकालिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचे पत्र वाचले होते आणि त्यानंतर आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वीचा उन्हाळा त्यांनी या मावशीच्या घरी काढला.

आजच्या विनिमय विद्यार्थ्याला ज्या गोष्टी पहिल्या महिन्यांत टोचतात, त्या साऱ्या आनंदीबाईंच्या वाट्याला आल्या: शाकाहाराची पंचाईत, थंडीत न पुरणारी साडी, ऊब नसलेली खोली, घरचे पत्र यायला लागणारे कित्येक आठवडे. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने होती. घराशी ओळख प्रवासाच्या आधीच झालेली होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ठेवली गेली. परक्या मुलीला आपल्या घराण्याच्या भूमीत जागा देणारे ते घर होते.

दुसरा दाखला गोव्याकडचा. दामोदर धर्मानंद कोसंबी १९१८ साली, ११ वर्षांचे असताना, वडिलांबरोबर अमेरिकेतल्या केंब्रिजला गेले. वडील धर्मानंद हार्वर्डमध्ये पाली ग्रंथांवर काम करत होते. दामोदर तिथल्या शाळांत शिकले आणि पुढे हार्वर्डचे पदवीधर झाले. किशोरवयात परकी शाळा पूर्णपणे अंगवळणी पडलेला हा मुलगा परतल्यावर भारताच्या इतिहासाचा मोठा अभ्यासक झाला. परक्या शाळेत रुळणे आणि आपल्या मातीशी नाते राखणे यांत विरोध नाही, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

निघण्यापूर्वी

महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होते, १०वीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि अमेरिका-युरोपातले शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उघडते. त्यामुळे १०वीनंतरचा काळ वर्षभराच्या विनिमयाला सोयीचा ठरतो. परदेशात काढलेले वर्ष ११वीत धरले जाईल, असे गृहीत धरून चालत नाही. कनिष्ठ महाविद्यालयाकडे आणि मंडळाकडे आधीच लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. बरीच कुटुंबे ते वर्ष वाढीव धरूनच निर्णय घेतात आणि तसे धरले तर पुढे मनस्ताप होत नाही.

कागदपत्रांत अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट, दोन्ही पालकांची संमती, लसीकरणाची नोंद, विमा आणि व्हिसा हे मुख्य. अमेरिकेच्या नियमांत शाळकरी विनिमय विद्यार्थ्याचे वय कार्यक्रम सुरू होताना किमान १५ आणि जास्तीत जास्त साडेअठरा वर्षे असावे लागते. मुंबईतला अमेरिकी वकिलातीचा दरवाजा पनवेलकरांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मुलाखतीत अधिकारी साधे प्रश्न विचारतात: कुठे राहणार, कोणाकडे, परत येऊन काय करणार. उत्तर पाठ करून गेलेल्या मुलापेक्षा स्वतःच्या शब्दांत बोलणारे मूल तिथे अधिक विश्वासार्ह वाटते.

सगळ्यात दुर्लक्षित तयारी घरातलीच असते. आपले कपडे धुणे, अंथरूण आवरणे, भांडी घासणे, साधा भात-वरण शिजवणे, पैशाचा हिशेब ठेवणे या गोष्टी अनेक मध्यमवर्गीय घरांत आई किंवा कामाच्या मावशी करतात. १०वीच्या वर्षी तर मुलाला पाण्याचा पेलाही हातात मिळतो. परदेशातल्या यजमान घरात पहिल्याच आठवड्यात या कामांची वेळ येते. त्यामुळे निघण्याआधीच्या दोन महिन्यांत ही कामे शिकून घेणे इंग्रजीच्या शिकवणीइतकेच महत्त्वाचे. त्याच काळात यजमान कुटुंबाशी पत्रे, फोटो आणि बोलणे सुरू करावे. आनंदीबाईंनी तेच केले होते.

पहिला आठवडा

पहिले काही दिवस शरीराचे असतात. पनवेल आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते, जर्मनीशी साडेतीन तासांचे. न्यूयॉर्कला उतरलेले मूल दुपारी पेंगते आणि मध्यरात्री टक्क जागे होते. यजमानांनी स्वागतासाठी ठरवलेल्या जेवणात त्याला बोलायला शब्द सुचत नाहीत. हा थकवा झोपेचा असतो, पण मुलाला तो आपल्या कमकुवतपणाचा वाटतो आणि यजमानांना नाखुशीचा. ‘मला खूप झोप येते आहे, पण तुम्हाला भेटून आनंद झाला’ एवढे वाक्य बोलता आले तर दोन्ही गैरसमज टळतात.

या आठवड्यात मुलाला घरातल्या शेकडो बारीक गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. नळ उलटा फिरतो, दरवाजाचे कुलूप वेगळे असते, न्हाणीघराची जमीन कोरडी ठेवायची असते. जपानी घरात टबात उतरण्यापूर्वी बाहेर अंग स्वच्छ धुवायचे असते, कारण तेच पाणी घरातले सगळे वापरतात. शौचालयात घालायच्या चपला वेगळ्या असतात. जर्मन घरात कागद, काच, प्लास्टिक आणि ओला कचरा वेगळा टाकायचा असतो, रविवारी दुकाने बंद असतात आणि शेजाऱ्यांची शांतता मोडायची नसते. चुका होणारच. त्यांची लाज न बाळगता विचारणे ही या आठवड्यातली एकमेव गरजेची कला.

भाषा: गुण आणि कान

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलालाही पहिल्या महिन्यात समजत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शाळेत लिहिण्या-वाचण्याचे इंग्रजी शिकवले जाते. टेबलाशी चार माणसे एकाच वेळी, अर्धे शब्द गाळून, स्थानिक विनोद करत बोलू लागली की कान मागे पडतो. जर्मनी, ब्राझील किंवा जपानमध्ये तर भाषा शून्यापासून सुरू होते. सुरुवातीचे काही आठवडे मूल बहुतेक ऐकतच असते. या काळात ते आतून खूप शिकत असते, बाहेरून मात्र मुखदुर्बळ दिसते.

या टप्प्यावर सगळ्यात घातक सवय म्हणजे न समजता ‘हो’ म्हणणे. आपल्याकडे मोठ्यांना पुन्हा विचारणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मान हलवून मुले वेळ मारून नेतात. त्यात मान डोलावण्याच्या मराठी पद्धतीवरून परक्यांना होकार की नकार तेही कळत नाही. न समजलेल्या ‘हो’मुळे बस चुकते, घरी यायची वेळ चुकते आणि यजमानांना मूल बेपर्वा वाटू लागते. ‘समजले नाही, पुन्हा सांगाल का’ हे वाक्य त्या देशाच्या भाषेत सर्वात आधी शिकावे.

‘नको’ आणि आग्रह

मराठी घरात पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, यजमानाने आग्रह करायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ताटात पडू द्यायचे, असा रिवाज आहे. अमेरिका, जर्मनी किंवा डेन्मार्कमध्ये ‘नको’ म्हणजे नको. भांडे लगेच पुढे सरकते आणि मूल अर्धपोटी उठते. यजमानांनी कंजुषी केलेली नसते. त्यांनी मुलाच्या शब्दाचा मान राखलेला असतो. विनिमयातल्या पहिल्या आठवड्यांतली उपासमार बहुतांशी या एका शब्दाची असते.

शाकाहाराचा अर्थ घरोघरी वेगळा असतो. कोणी मासे शाकाहारात धरतो, कोणाला चिकनच्या पाण्यातले सूप चालते असे वाटते. काय चालत नाही ते पहिल्याच दिवशी स्पष्ट आणि नम्रपणे सांगावे लागते. आगरी-कोळी घरातल्या मुलाला उलट अडचण येते: मासळी रोजची, पण समुद्रापासून दूरच्या गावात ती मिळत नाही आणि मिळाली तर बिनमसाल्याची. दुपारचे जेवण म्हणजे थंड सँडविच, रात्रीचे जेवण संध्याकाळी सहाला, हे पोटाला पटायला वेळ लागतो. जर्मनीत रात्री बहुधा पाव, चीज आणि काकडी. ब्राझीलमध्ये मात्र रोजचा भात आणि घेवड्याची उसळ समोर आली की मराठी मूल सुखावते.

पिशवीतला गोडा मसाला, मेतकूट आणि लाडू यांचा खरा उपयोग स्वतःच्या जिभेपेक्षा यजमानांसाठी होतो. ज्या संध्याकाळी मूल त्या स्वयंपाकघरात उभे राहून सगळ्यांसाठी वरण-भात किंवा पोहे करते, त्या संध्याकाळी ते देणारे होते. ताजी फळे, बिया आणि मांसाचे पदार्थ बहुतेक देशांत नेता येत नाहीत, एवढे भान ठेवावे.

घराचे नियम आणि नात्यांची नावे

मराठी मुलाला पहिला पेच हाक मारण्याचा पडतो. शेजारच्या बाई आपल्याकडे काकू किंवा मावशी असतात. परदेशात मधल्या वयाची बाई ‘मला नावाने हाक मार’ म्हणते आणि मुलाची जीभ अडखळते. पुष्कळ मुले मग हाकच मारत नाहीत, समोर जाऊन उभी राहतात. काही घरे स्वतःहून ‘आई’ किंवा ‘बाबा’ म्हणायला सांगतात, तर काही मुलांना स्वतःच्या आईची आठवण होऊन ते जमत नाही. पहिल्याच दिवशी ‘तुम्हाला काय म्हणू’ असे विचारून घेणे दोघांनाही मोकळे करते. नातेवाचक शब्दाचा आधार हवा असेल तर तो त्यांना समजावून सांगता येतो. कार्पेंटरबाई मावशी झाल्या त्या तशाच.

दुसरा पेच आभारांचा. घरच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हटले तर आपल्याकडे परकेपणा वाटतो. आईने ताट वाढले म्हणून तिचे आभार मानायची रीत नाही. परदेशी घरात जेवण, कपडे, गाडीने सोडणे या प्रत्येकाबद्दल आभार मानले जातात. ते न मानणारे मूल उर्मट ठरते आणि त्याला त्याचे कारण कळत नाही.

तिसरा पेच एकांताचा. बंद दार ठोठावल्याशिवाय उघडायचे नाही, हे पनवेलच्या दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला लवकर कळते. आपलेही दार दिवसभर बंद ठेवून आत बसायचे नाही, हे उशिरा कळते. यजमान त्याला एकांत देत असतात आणि मुलाला वाटते आपल्याला कोणी विचारत नाही. दिवाणखान्यात येऊन बसणे, भाजी चिरायला हात लावणे, घरातल्या लहान मुलाशी खेळणे या गोष्टींनी पाहुणेपण झपाट्याने विरघळते.

संस्थांचे नियम वेगळे असतात. रोटरीच्या योजनेत वाहन चालवणे, दारू, अमली पदार्थ आणि प्रेमसंबंध या चार गोष्टींना मज्जाव आहे. त्यांचा भंग झाला तर मुलाला परत पाठवले जाऊ शकते. हे नियम मुलाच्या जबाबदारीचा भार यजमानांवर किती आहे, त्याची जाणीव देतात.

शाळा

अमेरिकी शाळेत तास बदलला की विद्यार्थीच वर्ग बदलतात. एकाच बाकावर वर्षभर शेजारी बसणारा मित्र तिथे नसतो. पहिल्या आठवड्यात वर्ग शोधणे आणि लॉकर उघडणे यातच दम जातो. शिक्षक आत आल्यावर कोणी उभे राहत नाही. प्रश्न विचारणे, मत मांडणे, चुकणे याला गुण असतात. गप्प बसून नीट ऐकणाऱ्या आपल्या आदर्श विद्यार्थ्याला तिथे ‘सहभाग घेत नाही’ असा शेरा मिळतो. गणितात आपली मुले पुढे असतात, निबंधात आणि चर्चेत मागे पडतात. दुसऱ्याचा मजकूर न सांगता उतरवणे तिथे गंभीर गुन्हा मानला जातो, हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावे.

सगळ्यात कठीण वेळ मधल्या सुट्टीची. शेकडो मुलांच्या भोजनगृहात ताट हातात घेऊन कुठे बसावे, हा प्रश्न पहिल्या दिवशी प्रत्येक विनिमय विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. मैत्री वर्गात होत नाही. ती संघात, वाद्यवृंदात, नाटकात, कुठल्याशा मैदानी खेळात होते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत एखाद्या खेळात किंवा मंडळात नाव घालणारी मुले लवकर रुळतात.

भारताबद्दलचे प्रश्नही येतात: गाय, जात, हत्ती, गरिबी. बहुतेक प्रश्न अज्ञानातून येतात, द्वेषातून नव्हे. जातीबद्दलचा प्रश्न मात्र टाळून किंवा सारवासारव करून चालत नाही. महाड आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे आणि तिथल्या चवदार तळ्याचा १९२७चा सत्याग्रह आपल्या मुलाला सांगता यायला हवा.

थंडी आणि अंधार

पनवेल १९ अंशांच्या उत्तर अक्षांशाजवळ आहे. इथला सर्वात लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. हॅम्बुर्गला डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा होतो. मूल अंधारात शाळेला जाते आणि जवळजवळ अंधारातच घरी येते. ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाला हा बदल नोव्हेंबरमध्ये जाणवू लागतो, नेमका तेव्हाच, जेव्हा पनवेलमध्ये दिवाळी झालेली असते आणि घरच्या फोटोंत आकाशकंदील दिसतात. उदासीचे कारण मनात शोधण्याआधी ते उजेडात शोधावे. दुपारी बाहेर चालणे, शाळेनंतरचा खेळ आणि पुरेशी झोप यांचा फायदा होतो. जाड कपडे तिथेच घ्यावेत. मुंबईत विकत घेतलेला स्वेटर तिथल्या बर्फाला पुरत नाही.

घरची आठवण आणि संशोधन

परक्या संस्कृतीत आल्यावर माणसाला बसणाऱ्या धक्क्याचे वर्णन मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ साली एका व्याख्यानात केले. आधी नवलाई, मग चीड आणि निराशा, मग हळूहळू सावरणे, अशी त्यांची मांडणी होती. १९५५ साली नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून असाच चढ-उतार दाखवला. तेव्हापासून इंग्रजी यू अक्षरासारखी ही रेषा जवळजवळ प्रत्येक विनिमय संस्थेच्या पुस्तिकेत छापली जाते.

पुढच्या संशोधनाने तिला धक्का दिला. १९९८ साली कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची आल्याबरोबर आणि नंतर वर्षभर ठरावीक अंतराने पाहणी केली. ताण सर्वांत जास्त आल्या-आल्याच होता आणि पुढे तो कमी होत गेला. पनवेलच्या पालकांसाठी या निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे. पहिल्या आठवड्यात फोनवर रडणारे मूल चुकीच्या घरी गेलेले असेलच असे नाही. ते नेहमीच्या मार्गावर असते. ‘आता तर मजेत असायला हवे’ असे त्याला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

फोनने हा प्रश्न नवा केला आहे. आनंदीबाईंना पत्र मिळायला कित्येक आठवडे लागत. आज आई रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करू शकते. पण पनवेलचे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे साडेअकरा, म्हणजे शाळेची वेळ. मूल मग मध्यरात्री जागून बोलते, सकाळी झोपाळते आणि दोन्ही ठिकाणचे राहत नाही. आठवड्यातला एक ठरलेला लांब कॉल, अधूनमधून छोटे निरोप आणि बाकीचा वेळ यजमान घराला, असे ठरवलेले घर मुलाला मदत करते. आईने रोज ‘काय खाल्लेस’ विचारण्यापेक्षा ‘आज कोणाशी बोललास’ विचारले तर मूल त्या घरात मनाने राहू लागते.

पनवेलला येणारे मूल

याच गोष्टी आरशात उलट्या दिसतात. ऑगस्टमध्ये पनवेलला उतरणारे परदेशी मूल भर पावसात येते. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, बूट कुजतात. त्याच्या पहिल्या तीन महिन्यांत गोकुळाष्टमी, गणपती, नवरात्र आणि दिवाळी लागोपाठ येतात. गणपतीत अनेक घरे कोकणातल्या मूळ गावी जातात आणि ते मूल एका दिवसात तीस नातेवाइकांना भेटते. हा अनुभव सुंदर असतो आणि दमवणाराही. त्याला एक तास खोलीत एकटे बसू देणे हीच त्या दिवशीची आतिथ्यशीलता.

बादलीतले पाणी, हाताने जेवणे, गणवेश, शिक्षकांना उभे राहून उत्तर देणे, लोकलच्या डब्यातली गर्दी, रस्त्यात वळून बघणारे लोक, ‘तुझ्या बाबांचा पगार किती’ असा सरळ प्रश्न या साऱ्याला त्याला सरावावे लागते. जेवताना ते ‘नको’ म्हणते आणि तरी ताटात पोळी पडते. आपल्या आग्रहात प्रेम आहे, पण त्याला तो आपल्या शब्दाचा अनादर वाटतो. एकदा विचारून थांबणे यजमानांनी शिकावे.

घराबाहेर पनवेल त्याला पुष्कळ काही देऊ शकते. घाट आणि खाडी यांच्या मध्ये वसलेले हे जुने बाजारगाव बाहेरच्या माणसांना सरावलेले आहे. इथली नगरपालिका १८५२ सालची, बेने इस्रायल या ज्यू समाजाचे बेथ एल सिनेगॉग १८४९चे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी इथे रायगड जिल्ह्यातली पहिली महापालिका झाली. वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण, कर्नाळ्याचा किल्ला आणि पक्षी अभयारण्य ही तालुक्यातली ठिकाणे एका दिवसात दाखवता येतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळही आता पनवेलच्या उंबऱ्यावर आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. परदेशी नागरिक घरी राहायला आला की त्याची माहिती यजमानाने २४ तासांच्या आत ठरलेल्या पद्धतीने अधिकाऱ्यांना कळवावी लागते, मग तो पाहुणा शाळकरी असला तरी. मुक्काम १८० दिवसांहून अधिक असल्यास आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. हे काम स्थानिक समन्वयकावर सोडून न देता यजमानांनी स्वतः खात्री करावी.

अडचण आली तर

काही घरे जमत नाहीत. त्यात दोष कोणाचाच नसेल. कधी खरोखर चूक असते. अमेरिकेत यजमान घरातल्या प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक आहे आणि मुलाशी दर महिन्याला संपर्क ठेवणारा स्थानिक समन्वयक नेमावा लागतो. घर बदलण्याची सोय जवळजवळ सगळ्या मान्यताप्राप्त योजनांत असते.

इथे मराठी संस्कार कधी आड येतात. ‘सांभाळून घे’, ‘त्यांना वाईट वाटेल’, ‘लोकांना काय सांगायचे’ ही वाक्ये मुलाने लहानपणापासून ऐकलेली असतात. घरकामाची कुरबूर, जेवणाची गैरसोय, रागावलेला शब्द या गोष्टी सांभाळून घ्याव्यात. नकोसा स्पर्श, दारूच्या नशेतली दमदाटी, पासपोर्ट काढून घेणे, उपाशी ठेवणे या गोष्टी एक दिवसही सांभाळून घ्यायच्या नसतात. हा फरक पालकांनी निघण्यापूर्वी मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावा आणि समन्वयक, संस्था आणि तिथला आपत्कालीन क्रमांक त्याच्या तोंडपाठ करून घ्यावा.

निष्कर्ष

पहिल्या महिन्यांचा सारा विषय एका क्रमात बसतो: आधी शरीर रुळते, मग कान, मग पोट आणि शेवटी मन. हा क्रम उलटा करता येत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो. तो लवकर पार करणाऱ्या मुलांत हुशारीपेक्षा तीन गोष्टी समान दिसतात: न कळलेले विचारणे, घरकामाला हात लावणे आणि खोलीचे दार उघडे ठेवणे. या तिन्ही गोष्टी पनवेलच्या कुठल्याही घरात, एक पैसा खर्च न करता शिकवता येतात.

विनिमय मात्र एका बाजूने पुरा होत नाही. आपल्या मुलाला परक्या आईने जेवू घालावे असे वाटत असेल तर परक्या मुलासाठी आपलेही ताट मांडलेले असले पाहिजे. ज्या घरातून मूल परदेशी गेले, त्या घरात वर्षभर एक खोली रिकामी असते. ती खोली एखाद्या परदेशी मुलासाठी उघडावी.